सराव काडतुसे, लघुपल्ल्याची
लष्करी रायफलीने थोड्या अंतरावर, बंदिस्त किंवा वस्तीनजीकच्या जागेत नेमबाजीचा सराव करता यावा, म्हणून मुद्दाम कमी शक्तीची बनविलेली काडतुसे. या सरावात रायफल नेहमीचीच असते. तिचे वजन, दस्ता, खटका आणि नेम धरण्याची साधने यांत फरक पडत नाही. मात्र गोळी हलकी, दारू थोडी आणि आवाज व धक्का सौम्य असतो. नेहमीच्या रायफलीत बारीक व्यासाची दुसरी नळी बसवून किंवा तिची मूळ नळीच बदलून ०·२२ इंची काडतुसे उडविणे, हाही याच पद्धतीचा एक प्रकार होय. युद्धात या काडतुसांना स्थान नाही. तथापि गेल्या सु. दीड शतकात निरनिराळ्या देशांतील शिपाई, छात्रसैनिक व हौशी नेमबाज यांच्या अनेक पिढ्यांचे प्राथमिक शिक्षण त्यांवरच झाले. ज्या देशात शस्त्र बाळगण्यावर दीर्घकाळ निर्बंध होते, त्या भारतात सामान्य विद्यार्थ्याच्या हाती रायफल आली, ती मुख्यतः या कमी शक्तीच्या काडतुसासह.

आवश्यकता : लष्करी रायफलीच्या नेहमीच्या काडतुसाची शक्ती सरावाच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक असते. ब्रिटिश व भारतीय सैन्यांत दीर्घकाळ वापरात असलेल्या ०·३०३ इंची ली-एन्फील्ड रायफलीचे उदाहरण घेता येईल. तिच्यासाठी १९१० मध्ये स्वीकारलेल्या ‘मार्क ७’ काडतुसातील गोळीचे वजन सु. ११·३ ग्रॅ. असून नळीच्या तोंडाशी तिचा वेग दर सेकंदास सु. ७४४ मी. असतो. त्यावरून तिची गतिज ऊर्जा सु. ३,१०० जूल येते. उलट ०·२२ इंची ‘लाँग रायफल’ काडतुसाची गोळी सु. २·६ ग्रॅ. वजनाची व वेग दर सेकंदास सु. ३३० मी. असल्याने तिची ऊर्जा सु. १४० जूल, म्हणजे पहिलीच्या सु. बाविसावा भाग इतकीच असते.

चुकून वर गेलेली ०·३०३ ची गोळी ३ किमी.पेक्षाही दूर जाऊन पडू शकते. या अंतराचा अर्थ शहराच्या नकाशावर चटकन ध्यानात येतो. नाशिक शहरातील द्वारका चौक केंद्र मानून ३ किमी. त्रिज्येचे वर्तुळ काढल्यास जुने नाशिक, गोदावरीवरील रामकुंड आणि पलीकडील पंचवटीचा मोठा भाग त्यात येतो. म्हणूनच पूर्ण शक्तीच्या गोळीबारासाठी वस्तीपासून दूर, पाठीशी टेकडी किंवा उंच मातीचा बांध असलेली आणि मागे विस्तीर्ण निर्मनुष्य क्षेत्र राखलेली जागा लागते. भारतातील छावण्यांजवळच्या अशा जागांना ‘चांदमारी’ हे नाव पडले. त्यातील ‘चांद’ म्हणजे लक्ष्यफलकावरील वर्तुळ. छावणीपासून चांदमारीपर्यंतची पायपीट, पावसाळ्यातील खंड, काडतुसांचा खर्च आणि एकेका तुकडीला मिळणारे मोजके दिवस यांमुळे शिपायाच्या वाट्याला प्रत्यक्ष सराव फार थोडा येई.

दुसरी अडचण शिकाऊ माणसाच्या मनाची असते. मोठा आवाज व खांद्यावर बसणारा जोराचा धक्का यांच्या धास्तीने नवशिका खटका दाबण्यापूर्वीच अंग आखडतो, डोळे मिटतो किंवा खटक्याला हिसका देतो. ही सवय एकदा जडली की मोडणे कठीण जाते. नेम धरणे, श्वास रोखणे आणि खटका सावकाश दाबणे ही कौशल्ये धक्क्याविना आधी अंगवळणी पडावीत, हा कमी शक्तीच्या काडतुसामागील शिक्षणविषयक हेतू होय.

इतिहास : कमी शक्तीच्या काडतुसाचा उगम करमणुकीत आहे. पॅरिस येथील बंदूक कारागीर लुई निकोलस फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास प्रस्फोटक टोपीच्या तोंडाशीच बारीक शिशाची गोळी बसविली. यात निराळी दारू नव्हती. टोपीतील प्रस्फोटकाच्या बळावरच गोळी जाई. अशा बंदुकांनी दिवाणखान्यात किंवा बागेत नेमबाजी करण्याची चाल यूरोपात पडली. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८५७ मध्ये याच कल्पनेत थोडी दारू घालून ०·२२ इंची ‘शॉर्ट’ काडतूस काढले. १८८७ मध्ये ‘लाँग रायफल’ काडतूस प्रचारात आले. या काडतुसांत प्रस्फोटक द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागत असल्याने त्यांत फार दाब निर्माण करता येत नाही. स्वस्ताई व सौम्यता हे दोन्ही गुण या एकाच रचनेतून आले.

लष्करी सरावाकडे या कल्पनेचा प्रवास झाला तो १८७० नंतर. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी सु. ३१ ग्रॅ. वजनाची असून तिचा धक्का कुप्रसिद्ध होता. १८८० नंतरच्या दशकात रिचर्ड मॉरिस यांची नळी त्या सैन्यात सरावासाठी वापरात आली. ही बारीक व्यासाची, आतून आटे पाडलेली पोलादी नळी रायफलीच्या मूळ नळीत सरकवून बसवीत व तीतून सु. ०·२३ इंची लहान काडतुसे उडवीत. पुढे ली-मेटफर्ड व ली-एन्फील्ड या रायफलींसाठीही तशा नळ्या तयार झाल्या. मॉरिस यांच्या नळीमुळे बराकीच्या आवारात किंवा कवायतीच्या दालनात सराव करणे शक्य झाले. परंतु नळी नीट न बसल्यास गोळी भरकटे आणि साफसफाईत हयगय झाल्यास ती लवकर गंजे.

या पद्धतीला खरी चालना मिळाली ती दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धामुळे (१८९९–१९०२). लहानपणापासून बंदूक हाताळणाऱ्या बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीपुढे ब्रिटिश सैन्याची उणीव उघडी पडली. १८८५ ते १८९३ या काळात भारतातील सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्‌स यांनी नागरिकांना नेमबाजी शिकविण्याच्या चळवळीचा पुरस्कार केला. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था ब्रिटनमध्ये स्थापन झाली. लहान व्यासाच्या रायफलींच्या क्लबांची संस्था म्हणून ती पुढे ओळखली जाऊ लागली. गिरणीच्या तळघरात किंवा सार्वजनिक दिवाणखान्यात २५ यार्डांवर (सु. २३ मी.) सराव करता येतो, हे या क्लबांनी दाखवून दिले. १९०७ पासून ब्रिटिश सैन्याने जुन्या लष्करी रायफलींचे ०·२२ इंची रूपांतर करण्यास प्रारंभ केला आणि मॉरिस यांची नळी मागे पडली. पहिल्या महायुद्धानंतर ली-एन्फील्ड रायफलीचे ‘क्रमांक २, मार्क ४’ हे रूपांतर रूढ झाले. एक-एक काडतूस हाताने भरावयाची ही रायफल बाह्यतः हुबेहूब युद्धातील रायफलीसारखी असे.

इतर देशांनी आपापल्या परीने हाच प्रश्न सोडविला. अमेरिकेत प्रथम पूर्ण आकाराच्या पुंगळीत थोडी दारू व शिशाची गोल गोळी घालून कवायतीच्या दालनात सराव होई. पुढे स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी मूळ काडतुसाच्या आकाराचा पोलादी धारक तयार करण्यात आला. त्यात ०·२२ ‘शॉर्ट’ काडतूस बसवून असे पाच धारक रायफलीच्या पेटीत भरीत. त्यामुळे नेमाबरोबर काडतुसे भरण्याच्या व खिट्टी चालविण्याच्या हालचालींचाही सराव होई. फ्रान्समध्ये लबेल रायफलीसाठी कमी दारूची खास काडतुसे होती. स्वीडनमध्ये घरातील नेमबाजीची परंपरा सैन्यात व नागरिकांत सारखीच रुजली. जर्मनीत या साध्या साधनाला राजकीय रंग चढला. व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मन सैन्याची संख्या एक लाखावर मर्यादित केल्यानंतर खेळाच्या नावाखाली ०·२२ इंची रायफलींवर तरुणांना शिक्षण देण्यात येऊ लागले. १९३४ चा ‘जर्मन क्रीडा नमुना’ लष्करी माउझर रायफलीशी मिळताजुळता होता, हा योगायोग नव्हता.

रचना व प्रकार : लघुपल्ल्याच्या सरावाची साधने सामान्यतः चार प्रकारांत मोडतात. (१) पूर्ण आकाराची पुंगळी व कमी दारू : यात रायफलीत कोणताही बदल करावा लागत नाही. मात्र मोठ्या पुंगळीत थोडी दारू मोकळी राहिल्यास रायफल वर-खाली होताना ती कधी टोपीजवळ, तर कधी गोळीजवळ सरकते. परिणामी ज्वलन व वेग असमान होतात. यासाठी जलद जळणारी दारू घेतात किंवा पोकळीत हलके भरण घालतात. (२) अंतर्नलिका व धारक : मॉरिस यांची नळी पहिल्या आणि अमेरिकन पोलादी धारक दुसऱ्या उपप्रकाराचे उदाहरण होय. (३) नळी बदललेली रायफल : अचूकतेच्या व टिकाऊपणाच्या दृष्टीने हा प्रकार सर्वांत समाधानकारक ठरला. आधुनिक स्वयंभरण रायफलींसाठी नळी न बदलता केवळ खिट्टी बदलून ०·२२ इंची काडतुसे उडविण्याचे संचही निघाले आहेत. (४) प्लॅस्टिकच्या गोळीचे काडतूस : दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः दाट वस्तीच्या पश्चिम यूरोपात, ७·६२ मिमी. व पुढे ५·५६ मिमी. रायफलींसाठी अशी काडतुसे प्रचारात आली. त्यांतील गोळी वेगाने निघते. पण अत्यंत हलकी असल्याने हवेच्या विरोधामुळे तिचा वेग झपाट्याने घटतो. अमेरिकन सैन्याच्या निळ्या प्लॅस्टिकच्या ५·५६ मिमी. सराव काडतुसाचा कमाल पल्ला सु. २५० मी. आहे. त्याची शक्ती रायफलीची यंत्रणा नेहमीच्या रीतीने चालविण्यास पुरत नसल्याने त्यासाठी वेगळी खिट्टी वापरावी लागते.

सरावाची पद्धत : लघुपल्ल्याच्या सरावाचा पाया साध्या भूमितीवर आधारलेला आहे. २५ यार्डांवर ठेवलेली, मूळच्या एक-अष्टमांश आकाराची माणसाची आकृती नेमबाजाच्या डोळ्याला २०० यार्डांवरील पूर्ण आकृतीएवढीच दिसते. त्याचप्रमाणे २५ यार्डांवर एक इंचात बसलेल्या गोळ्यांचा गट १०० यार्डांवरील चार इंचांच्या गटाशी तुल्य मानता येतो. शिक्षक प्रथम पाच गोळ्या एकाच बिंदूवर नेम धरून मारावयास लावतो. लक्ष्याच्या मध्यापासून गट दूर असला, तरी तो दाट असल्यास नेमबाजाची पद्धत बरोबर असून केवळ दर्शकाची जुळणी चुकली आहे, असा निष्कर्ष निघतो. गट विखुरलेला असल्यास दोष धरण्यात, श्वासात किंवा खटक्यात असतो. असा एकेक दोष ओळखण्यासाठी पुष्कळ गोळ्या खर्चाव्या लागतात, आणि म्हणूनच काडतुसाची स्वस्ताई येथे निर्णायक ठरते.

मर्यादा व धोके : वाऱ्याने गोळी वळणे, अंतराचा अंदाज, दूरच्या लक्ष्यासाठी दर्शक चढविणे आणि युद्धातील आवाज व धक्का यांचे ज्ञान लघुपल्ल्यावर मिळत नाही. त्यामुळे कमी शक्तीचा सराव ही पूर्वतयारी होय. पूर्ण शक्तीच्या गोळीबाराची जागा तो घेऊ शकत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. ०·२२ इंची गोळी खेळण्यासारखी भासली, तरी ती सु. दीड किमी. अंतरापर्यंत जाऊ शकते व जवळून प्राणघातक ठरते. त्यामुळे मागे भक्कम बांध किंवा गोळी अडविणारा पोलादी पत्रा असल्याखेरीज सराव करणे धोक्याचे असते. कमी दारूच्या काडतुसात आणखी एक धोका असतो. दारू अपुरी पडल्यास गोळी नळीतच अडकते. आवाज क्षीण आल्याकडे दुर्लक्ष करून दुसरी गोळी उडविल्यास नळी फुगते वा फुटते. सराव काडतुसे व पूर्ण शक्तीची काडतुसे यांची सरमिसळ झाल्यास अनर्थ ओढवतो; म्हणून सराव काडतुसांना वेगळा रंग, खूण वा आकार देण्याची प्रथा आहे. जुन्या प्रस्फोटक द्रव्यांमुळे नळी गंजत असे. १९२० नंतरच्या दशकात न गंजविणारी द्रव्ये आल्यावर ती अडचण दूर झाली. बंदिस्त दालनात शिशाची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. म्हणून तेथे वायुवीजनाची चोख व्यवस्था लागते.

भारतातील स्थिती : भारतात या साधनाच्या प्रसारातील मुख्य अडसर कायद्याचा होता. १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी घातली. त्यातून यूरोपियनांना व्यापक सूट होती. मुंबई, पुणे, नागपूर इ. ठिकाणची स्वयंसेवक रायफल पथके प्रामुख्याने यूरोपियन व अँग्लो-इंडियन यांचीच असत. भारतीयांना स्वयंसेवक पथकांत प्रवेश मिळावा आणि शस्त्र अधिनियमात दुरुस्ती व्हावी, अशा मागण्या भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांपासून केल्या. पहिल्या महायुद्धाच्या निकडीने १९१७ मध्ये मुंबईसह काही विद्यापीठांत छात्रपथके निघाली. १९२० च्या प्रादेशिक सेना अधिनियमानंतर ती विद्यापीठ प्रशिक्षण पथके म्हणून चालू राहिली. तथापि त्यांतील जागा मर्यादित होत्या आणि शालेय विद्यार्थी त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला.

शालेय वयापासून लष्करी शिक्षण देण्याचा महाराष्ट्रातील एक ठळक प्रयत्न नाशिक येथे झाला. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे (१८७२–१९४८) यांनी १९३७ मध्ये तेथे भोसला सैनिकी विद्यालय स्थापन केले. नेमबाजी हा त्या विद्यालयातील शिक्षणाचा एक भाग झाला. त्याच नाशिकच्या लगत देवळाली येथे तोफखाना विद्यालय आले. या दोन संस्थांच्या गरजांतील अंतर बोलके आहे. तोफांच्या गोळामारीसाठी विस्तीर्ण क्षेत्र राखून ठेवावे लागते. शाळेच्या मुलांच्या ०·२२ इंची सरावाला मैदानाच्या एका कडेची, मागे बांध असलेली पट्टी पुरते.

राष्ट्रीय छात्रसेनेची (एन्. सी. सी.) स्थापना १९४८ च्या अधिनियमान्वये झाली आणि १९४९ मध्ये तीत मुलींचा विभाग सुरू झाला. १९६२ च्या चीनबरोबरील युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे शिक्षण सक्तीचे करण्यात आले. १९६८ मध्ये ते पुन्हा ऐच्छिक झाले. ०·२२ इंची रायफल व २५ यार्डांवरील लक्ष्य हे छात्रसैनिकाच्या नेमबाजीचे सर्वपरिचित रूप होय. ज्यांचा पुढे सैन्याशी कधीच संबंध आला नाही, अशा महाराष्ट्रातील असंख्य स्त्री-पुरुषांनी आयुष्यात उडविलेल्या गोळ्या याच होत.

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक-अध्यक्ष होते; त्यांच्या नावाने नेमबाजीच्या स्पर्धा भरविल्या जातात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने १८७८ च्या अधिनियमाची जागा घेतली. मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या वा संघटनेच्या सभासदाला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी ०·२२ इंची रायफल अथवा हवेची रायफल यांचा परवाना देण्याची तरतूद या अधिनियमात स्वतंत्रपणे केलेली आहे. शस्त्र बाळगण्याचा प्रश्न आणि नेमबाजी शिकण्याचा प्रश्न हे भिन्न आहेत, ही गोष्ट त्यामुळे कायद्यानेच मान्य केली. आणि त्या दोहोंमधील सीमारेषा ठरविण्यास काडतुसाच्या शक्तीचा उपयोग झाला.

या काडतुसांच्या निर्मितीशीही महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा निर्माणी १८६९ मध्ये स्थापन झाली. तेथील ०·३०३ इंची काडतुसांच्या बुडावरील ‘के. एफ.’ ही अक्षरे निर्माणीच्या नावाची द्योतक होत. सैन्यासाठीच्या दारूगोळ्याखेरीज ०·२२ इंची व बारा बोअरची काडतुसेही तेथे तयार झाली आहेत. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील निर्माणी १९६४ मध्ये सुरू झाली. तीत लष्करी रायफलींची काडतुसे होतात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन या दोन्ही निर्माण्या पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आल्या.

क्रीडाक्षेत्र : लष्करी सरावाचा पर्याय म्हणून वाढलेल्या ०·२२ इंची नेमबाजीने कालांतराने स्वतंत्र क्रीडेचे स्थान मिळविले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लहान व्यासाच्या रायफलींच्या स्पर्धा प्रथम झाल्या, ५० मी. अंतरावरील त्रिस्थिती स्पर्धा १९५२ पासून होऊ लागली. तीत गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून नेम साधावयाचा असतो. लक्ष्याच्या मध्यवर्ती दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०·४ मिमी. असतो. स्पर्धेच्या रायफली आता लष्करी रायफलीपासून रूपाने पूर्णतः वेगळ्या झाल्या असल्या, तरी काडतूस मात्र १८८७ च्याच कुळातील आहे.

महाराष्ट्राने या क्रीडेत लक्षणीय कामगिरी केली आहे. मुंबईच्या अंजली भागवत यांची नेमबाजीशी ओळख राष्ट्रीय छात्रसेनेतून झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. प्रोन (पालथ्या स्थितीतील) प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्रिस्थिती प्रकारात कांस्यपदक पटकाविले. या प्रकारातील भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक होय. त्यांचे नेमबाजीचे प्रारंभीचे शिक्षण राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत नाशिक येथे झाले होते.

सद्यस्थिती : सैन्यांत व पोलीस दलांत प्राथमिक सरावासाठी प्रकाशकिरणांवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक अनुकारी यंत्रणांचा उपयोग वाढत आहे. त्यांना दारू, बांध वा मोकळी जागा लागत नाही आणि प्रत्येक नेमातील चूक पडद्यावर दाखविता येते. हवेच्या रायफलीने १० मी. अंतरावर होणारा सरावही शाळांत व क्लबांत रूढ झाला आहे. तथापि खऱ्या गोळीची जाणीव, तिच्याबद्दलची सावधगिरी आणि गोळीबाराच्या मैदानावरील शिस्त या गोष्टी पडद्यावर पूर्णपणे शिकविता येत नाहीत. त्यामुळे अनुकारी यंत्रणा व पूर्ण शक्तीचा गोळीबार यांमधील पायरी म्हणून कमी शक्तीच्या काडतुसांचा वापर अद्यापि टिकून आहे.